सुजलेल्या हाताला मापाचा ब्लाउज

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर माझा उजवा हात सुजतो. डॉक्टरांनी दाब देणारी बाही नीट मापानं घ्यायला सांगितली, म्हणून आज आम्ही दोघं कुंडलहून सांगलीला सर्जिकलच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं माझ्या मालकांना विचारलं, "वहिनींचा मापाचा ब्लाउज आणलाय का?"

मी म्हणाले, "आवं, तो सूज यायच्या आधीचा हाय. हात हितं हाय, टेप लावा की!"

"लेडीजची मापं आम्ही घेत नाही," म्हणत त्यानं मीडियम बाही पुढं सरकवली. घातल्याबरोबर बोटांना मुंग्या आल्या. तर म्हणतो कसा, "वापरून सैल होईल."

शी! त्याच्या बोलण्याची लय किळस आली. लाज सोडून सुजलेला हात काउंटरवर मी ठेवला, आणि लाजला तो!

मैत्रिणींनो, तुमच्या हाताचं माप कुणी घेतलं, की तुमच्याकडंही ब्लाउजच मागितला?