वुडलँड्समधला रक्तबीज

केतकी फोनवर म्हणाली, "येऊ नकोस." म्हणून मी तिकीट काढलं.

एकच विचारायचं होतं: आपलं अजून आहे की संपलं? वर्षभरापूर्वी ती नोकरीसाठी सिंगापूरला गेली. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं आणि तेव्हापासून तिला मेसेज करणं हाच माझा पूर्णवेळ उद्योग.

जाणाऱ्यांसाठी: चांगी विमानतळावरून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, वुडलँड्सला जा. बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, चार-पाच डॉलरांत पोटभर जेवण मिळतं. मी मात्र मावसभाऊ मंदारदादाच्या सोफ्यावर उपाशी तळमळत होतो.

"रविवारी तिचा मुलांचा वर्ग असतो खाली," मंदारदादा म्हणाला. "जा, पण तोंड सांभाळ."

इथं इमारतींच्या तळमजल्यावर नुसती मोकळी जागा असते, व्हॉइड डेक. तिथं केतकी आठ मराठी पोरांना पुराणातल्या गोष्टी सांगत होती. एका कृतीचा दुसरीवर काय परिणाम होतो आणि तो फिरून आपल्याकडे कसा येतो, ते कळावं म्हणून.

मला बघून ती दचकली नाही. "आलास? बरं झालं. आम्हाला रक्तबीज हवाच होता."

खेळ सोपा. रक्तबीजाला केतकीची पुठ्ठ्याची तलवार लागली की रक्ताचा थेंब पडतो आणि बघणाऱ्यांतला एक जण हात वर करून नवा रक्तबीज होतो. पाच मिनिटांत आठही पोरं राक्षस. शेजारी बुद्धिबळ खेळणारे एक चिनी अंकलही हात वर करून उभे राहिले.

"अरे, मोठी तलवार आणा ना!" मी ओरडलो.

नऊ वर्षांची इरा सिंगापुरी ठेक्यात म्हणाली, "बिगर सोर्ड, मोअर ब्लड. मोअर ब्लड, मोअर दादा, लाह!"

माझं डोकं सटकलं. "केतकी, सगळ्यांसमोर सांग. हो की नाही?"

तिनं शांतपणे इराच्या हातात मार्कर दिला. "हे काढ बरं फळ्यावर."

केतकी सांगत गेली तसे इरानं बाण काढले. दादा म्हणजे मी. दादा मेसेज करतो, ताई वैतागते, ताई उत्तर देत नाही, दादा घाबरतो, दादा मेसेज करतो. गोल पूर्ण.

"आता कुठं तोडायचं?" केतकीनं विचारलं.

"दादाला ब्लॉक!" एक पोरगा.

"दादाला मांजर द्या," दुसरा.

इरा फळ्याकडे बघत राहिली. मग बोट ठेवलं. "इथं. ताई उत्तर देत नाही. दॅट वन इज युवर्स, ताई."

 केतकीनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"संपलंय, ओंकार. हे मी सहा महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

इरानं तो बाण पुसला. अंकलना खेळ संपल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. ते अजून हात वर करूनच उभे होते. मी जाऊन त्यांचे हात खाली केले. ते म्हणाले, "गुड गेम."

पुण्यात येऊन आठवडा झाला. रडलो, झोपलो, व्यवस्थित जेवलो. 'पोचलो' एवढा एकच मेसेज टाइप केला होता तिला. एका थेंबानं काय होतं, ते मी स्वतः रक्तबीज होऊन पाहिलंय. तो मेसेज पुसून टाकला आणि हे लिहायला बसलो.

तिनं वाचलंच, तर हा मेसेज धरू नये.