दरवाजातलं पाणी

त्याला सगळे पिचकारी म्हणायचे. गाड्यांना फवाऱ्याने रंग मारायचं त्याचं काम, आणि राग आला की तोंडातून शिव्याही तशाच उडायच्या, त्यामुळे नाव दोन्हीकडून शोभून दिसायचं. रंग त्याच्याकडे आणि पत्रा ठोकून सरळ करायचं काम दादाकडे. दोघे सख्खे भाऊ. एकाच शेडमध्ये वाढलेले आणि एकाच माणसाचा मार खाऊन धंदा शिकलेले.

बाप कारागीर अव्वल होता, पण त्याची शिकवायची रीत एकच होती. चूक झाली की हातात असेल ते पाठीत. पिचकारीच्या डाव्या भुवईत एका जागी केस उगवत नसत. तिथं घासकामाचा लाकडी ठोकळा येऊन बसला होता. दादाचं नाक एकदा मोडलं ते वाकडंच जुळलं. बाप गेला तेव्हा दोघे ढसाढसा रडले आणि थोड्याच दिवसांत एकमेकांना बुकलायला लागले. मारायची जागा जणू रिकामी झाली होती आणि ती दोघांनाही हवी होती. शेजारचा टायरवाला आवाज ऐकून म्हणायचा, "आज काम जोरात दिसतंय." पत्रा ठोकतायत की भाऊ, हे त्याला भिंतीपलीकडून कळत नसे.

भांडणाचं मूळ होतं गंज. त्यांच्याकडून दुरुस्त होऊन गेलेल्या गाड्या वर्षा-दोन वर्षांत परत यायच्या, आणि नेमक्या दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आलेले असायचे. बोटाने दाबलं की पापडासारखा पत्रा आत जायचा. दादा म्हणायचा, तू प्रायमर पातळ मारतोस. पिचकारी म्हणायचा, तुझे जोड उघडे राहतात. मग हात चालायचे. मग दादा सडका तुकडा कापून नवा जोडायचा, पिचकारी रंगवायचा आणि गाडी पुन्हा सडायला बाहेर पडायची.

एका सकाळी व्हॅनवाला तिसऱ्यांदा आला. त्याची व्हॅन पांढरी, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. रोज पाईप लावून धुणारा माणूस. त्याने मागचा दरवाजा उघडला, खालच्या कडेला लाथ मारली, तर गंजाची खपली जमिनीवर सांडली. रस्त्यावरची माणसं थांबली. त्याने दोघा भावांचाच नाही, त्यांच्या बापाचाही उद्धार केला आणि चावी नाल्यात भिरकावून निघून गेला.

बापाला शिवी बसली आणि दादाच्या डोळ्यात रक्त उतरलं. पण व्हॅनवाला गेलेला, समोर होता पिचकारी. तो एका जुन्या बॉनेटवर ग्राइंडर चालवत होता. "तुझ्यामुळं ऐकावं लागलं," दादा म्हणाला आणि लाकडी हातोडा त्याच्या कानशिलावर घातला. पिचकारीच्या डोळ्यांपुढे अंधार आला. तो वळला. ग्राइंडर चालूच होता. त्याने तो उगारला की नुसता हात आडवा आला, हे पुढे त्याचं त्यालाही कधी ठामपणे सांगता आलं नाही. चाकाचा आवाज बदलला, एवढंच त्याला आठवतं. पत्र्यावर चाक किंचाळतं. आता ते घरघरलं. दादाचा उजवा हात कोपराखाली उघडा पडला होता, आणि पिचकारीच्या शर्टावर जो फवारा उडाला तो रंगाचा नव्हता.

टायरवाल्याने रिक्षा आणली. पिचकारीने दादाच्या दंडाला शर्ट आवळून बांधला. दवाखान्यात वहिनी आली. तिने आधी डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं, मग सरळ येऊन पिचकारीच्या थोबाडीत दिली. तो खाली बघत राहिला, म्हणून आणखी एक दिली.

"आज त्यांचा हात गेला," ती म्हणाली. "उद्या तुमच्यापैकी एक जाईल. कोण, ते आधी ठरवून मला सांगा, भाऊजी."

तो तिथून शेडवर आला. ठणकणाऱ्या कानातून चिकट पाणी येत होतं. समोर व्हॅन उभी. सगळ्या दुःखाचं मूळ ही, असं त्याच्या डोक्याने घेतलं. त्याने पहार उचलली. पहिल्या घावात मागची काच फुटली. मग दरवाजाला पोचे पाडले, आतलं अस्तर ओरबाडून काढलं, बिजागरीत पहार घालून दरवाजा उखडून टाकला. जमिनीवर पडलेल्या दरवाजावर तो नाचला, लाथा घातल्या. शेवटी खालची दुमड होती तिथं पहार सगळ्या ताकदीनिशी खुपसली.

आतून भळाभळा पाणी आलं. चहाच्या रंगाचं, कुजकट वासाचं, त्याचे पाय भिजवून शेडभर पसरलं.

पावसाचे दिवस नव्हते. तो पहार धरून धापा टाकत उभा राहिला. मग गुडघ्यावर बसला आणि दरवाजाच्या बुडाला बोटं फिरवू लागला. काचेच्या फटीतून पाणी दरवाजात उतरतंच, कुठल्याही गाडीत. ते वाहून जायला कंपनी बुडाशी लहान भोकं ठेवते. इथं भोकं नव्हती. बुडावर काळं डांबर होतं, छान एकसारखं, निगुतीने फासलेलं. नखाने खरवडल्यावर एक भोक सापडलं, पुढं दुसरं. सगळी बंद.

ते डांबर त्याच्याच हातचं होतं. शेडमधून गेलेल्या प्रत्येक गाडीला त्यानं किंवा दादानं ते फासलं होतं. बापाचा नियम होता: खाली एक भोक उघडं राहता कामा नये, पाणी आत शिरतं. उघडं राहिलेलं भोक दिसलं की बाप मुलांचं तोंड त्या पत्र्यावर घासायचा. व्हॅनवाला धूत होता, पाणी आत साचत होतं आणि पत्रा आतून सडत होता. दरवाजात एक तांब्या ओतून खाली बघितलं असतं, तरी कळलं असतं. पण दोघांनाही दोष कुणाचा ते आधीच माहीत होतं, मग बघायचं कशाला?

दादा हात गळ्यात अडकवून शेडवर आला तेव्हा वहिनी सोबत होती. पिचकारीने दोन जुने दरवाजे उभे करून ठेवले होते, एक डांबर लावलेला, एक खरवडलेला. त्याने दोन्हींत पाणी ओतलं. एकातून ते खाली गळून गेलं. दुसरा त्याने हलवला, तर आत डुचमळलं.

दादाने वाकून दोन्ही दरवाजांचं बूड पाहिलं. "म्हणजे बाबा चुकले?"

"चुकले. आणि आपण मार खाऊन ते पाठ केलं."

दादाने डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. पिचकारी हलला नाही. थोरपणा वगैरे काही नव्हता. झटापट झाली तर दादाचे टाके उसवतील याची त्याला भीती होती. दादाने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा उगारलेला हात वहिनीने धरला आणि दादा पाणी सांडलेल्या जमिनीवर फतकल मारून बसला.

दुरुस्ती पिचकारीने एकट्याने केली. सडका भाग बाहेरचा कापला, आतली दुमडही कापली, जी आजवर कुणीच काढून पाहिली नव्हती. नवा पत्रा जोडला, जोड बुजवले, भोकं उघडी ठेवली आणि आतून पातळ मेण फवारलं. फोडलेलं सगळं जुळवायला फार दिवस गेले.

व्हॅनवाल्याला खरं काय ते दादानेच सांगितलं. तो ऐकत होता तोवर शांत होता. मग त्याने दादाची गचांडी धरली. पिचकारी मध्ये पडला आणि दादासाठी निघालेल्या ठोशात त्याचा पुढचा दात पडला. त्याने तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं, व्हॅनच्या दरवाजात पाणी ओतलं आणि खालून धार लागलेली दाखवली. व्हॅनवाल्याने वाकून पाहिलं, हात झटकला आणि खिशातली दुसरी चावी लावून व्हॅन घेऊन गेला. तो दरवाजा पुन्हा गंजला नाही.

जुन्या गाड्या आता एकेक बोलावून घेतात, डांबर खरवडतात. काही मालक शिव्या घालतात, काही अंगावर हात टाकतात. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. तो डाव्या हाताने ठोकतो, आणि पत्र्यावर लाट राहते. रंग चढला की उन्हात ती उठून दिसते. परवा एका गिऱ्हाइकाने बॉनेटवर हात फिरवून विचारलं, ही लाट कुणाची?

दादा खाली बघत होता.

"रंगाची आहे," पिचकारी म्हणाला. "माझा हात हलला." मग तो उभा राहून त्या माणसाचं सगळं ऐकत राहिला.