मुळ्याचा पाला

तीर्थाला गेलं की देवासमोर एखादी वस्तू सोडायची, ही आम्हा जैनांत जुनी रीत. कुणी महिनाभर गूळ सोडतं, कुणी आजन्म तूप. आमच्या बाबांनी या रीतीचं जे काही करून ठेवलं होतं, ते देवच जाणे.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे म्हसरूळचं गजपंथ तीर्थ हाकेच्या अंतरावर. वर्षातून एकदा आम्ही सगळे तिथला डोंगर चढायचो आणि दर वर्षी बाबा काहीतरी सोडायचे. एका वर्षी त्यांनी फणस सोडला. फणसाच्या वासानं त्यांचं डोकं दुखायचं. दुसऱ्या वर्षी कारलं सोडलं, तेही त्यांच्या ताटात कधी कुणी वाढू शकलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी दिशांचा नियम घेतला, म्हणजे ठरावीक हद्दीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. बाबांनी हद्द ठरवली हिमालय. ज्या माणसाला सातपूरला बहिणीकडे जायचं म्हटलं की पोटात दुखायचं, त्यानं तिबेटचा त्याग केला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, आणि तेही साक्षात भगवंताकडून.

ते सोडत नव्हते ती एकच गोष्ट. तंबाखू. सकाळी दाढीच्या आधी जी चिमूट गालात जायची ती दिवसभर जागा बदलत राहायची. घरातल्या प्रश्नांना ते 'हूं' आणि 'अंहं' या दोनच शब्दांत उत्तरं द्यायचे, कारण तोंड उघडायची सोय नसायची. मी नुकती कॉलेजात जायला लागले तेव्हा माझं लग्न ठरवायच्या बैठकीतही त्यांनी एवढंच सांगितलं होतं, आणि मुलाकडच्यांना वाटलं, माणूस फार गंभीर आहे. ती सोयरीक पुढे मोडली, पण त्याला कारण वेगळं.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका वर्षी त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरांनी बजावलं की तंबाखू आजच्या आज सोडा, नाहीतर पुढचं मला सांगवत नाही. घरी येऊन बाबांनी आम्हाला सांगितलं की डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्यात. आई सोबत गेली होती हे ते विसरले असावेत. ती स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसली, आणि त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या वातड झाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि बाबा कधी नसतील असा विचार त्याआधी कधी माझ्या मनाला शिवला नव्हता.

त्याच हिवाळ्यात आमच्या मंदिरातल्या पंधरा-वीस जणांनी मांगी-तुंगीला जायचं ठरवलं. आईनं आमची तिघांची नावं दिली. गजपंथाला बाबा सरावलेत, हा डोंगर मोठा आहे, इथे तरी त्यांच्या तोंडून खरं काही निघेल, असा तिचा हिशेब. सटाण्याच्या पुढे एसटीच्या खिडकीतून ती दोन शिखरं दिसली तेव्हा तिनं हात जोडले. बाबांनी मान वर करून उंची पाहिली आणि एक चिमूट वाढवली.

डोंगरावर चामडं न्यायचं नाही, तंबाखू न्यायची नाही. बाबांनी आपली डबी धर्मशाळेत वळकटीत ठेवली, तिच्यावर पांघरूण घातलं, आणि पहाटे चढायला सुरुवात केली. शंभर पायऱ्यांतच त्यांच्या लक्षात आलं की आयुष्यात ते तंबाखूशिवाय कधी एवढे चालले नव्हते. प्रत्येक वळणावर लवंग मागायचे. पायऱ्या वेड्यावाकड्या बांधल्यात म्हणायचे, ऊन उशिरा आलं म्हणायचे, मग लवकर आलं म्हणायचे. एक डोलीवाला रिकामी डोली घेऊन चिकाटीनं आमच्या मागे चालत होता.

“बाबा, बठी जा ना,” तो अहिराणीत म्हणाला. “आजून अर्धा डोंगर बाकी शे.”

डोलीत बसलं तर पुण्य उचलणाऱ्याला जातं, असं बाबांनी त्याला ऐकवलं. बिचारा हसला आणि म्हणाला की मग त्याच्याकडे बरंच साठलं असेल.

वर मांगीच्या शिखरावर कातळात कोरलेल्या मूर्तींसमोर आम्ही बसलो. सोबतचे वयस्कर पंडितजी एकेकाला नियम देत होते. एका आजींनी दिवसातून एकदाच जेवायचा नियम घेतला. एका तरुणानं सिनेमा सोडला. मग बाबांची पाळी आली. आई त्यांच्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते, मला वाटलं णमोकार मंत्र म्हणतेय, पण ती नुसतीच 'तंबाखू, तंबाखू' पुटपुटत होती.

“मी मुळा सोडतो,” बाबा म्हणाले.

पंडितजींनी चष्मा वर केला. मुळा कंदमूळ, तो तर जैनाच्या घरी आधीच सुटलेला असायला हवा, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. बाबा म्हणाले, “मग त्याचा पाला.”

मागे कुणीतरी हसलं. आईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि हात जोडून म्हणाली, “मी चहा सोडते.”

पंडितजींनी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, आजन्म. मनानं, वाचेनं, कायेनं. स्वतः करणार नाही, दुसऱ्याकडून करवणार नाही, केलेल्याला अनुमोदन देणार नाही.

माझ्या आईचा चहा काय होता हे सांगायलाच हवं. पहाटे आलं ठेचून केलेला पहिला, आम्ही सगळे बाहेर पडल्यावर निवांत दुसरा, दुपारी चारला बशीत ओतून तिसरा. साडी नाही, दागिना नाही, सिनेमा नाही. या बाईचा शौक म्हणाल तर तेवढाच.

उतरताना बाबा मला हळूच म्हणाले की हा आपल्यावर दबाव आहे, चार दिवसांत उतरेल. खाली आल्यावर टपरीवर त्यांनी सवयीनं दोन चहा सांगितले. दुसरा कप आईसमोर गार झाला. त्यांनी स्वतःचाही अर्धा टाकला.

घरी खरी गंमत सुरू झाली. आई चहा करणार नाही, मला कर म्हणणार नाही. मी बाबांसाठी आपणहून करायचे, आणि मला चहा येत नव्हता. एकदा तो उतू जायला लागला. आई शेजारी भाजी चिरत होती. उतू जातोय असं सांगितलं तर ते करवणं होईल की अनुमोदन, हे तिला ठरवता येईना. ती जोरजोरात खोकली. मी पाणी आणायला धावले आणि सगळा चहा स्टोव्हवर गेला.

असे पंधरा दिवस गेले. एका रविवारी बाबा सकाळीच सायकल काढून निघाले आणि दुपारी घामाघूम परतले. एकटेच गजपंथ चढून आले होते. आईसमोर उभे राहून म्हणाले, “तंबाखू सोडली. आजन्म. तुझ्यासारखीच, मन-वचन-कायेनं. आता टाक चहा.”

आई रडली. डोळे पुसता पुसता हसलीही. आणि म्हणाली, “चहा नाही टाकता येणार.”

“अगं, सोडली ना मी?”

“तुमची तुम्ही सोडलीत. मी सौदा नव्हता केला.”

“मग सोडलास कशासाठी एवढा जिवाचा चहा?”

“एवढा डोंगर चढून गेलो,” आई म्हणाली, “आणि आपल्या घरातून देवाला काय, तर मुळ्याचा पाला. मला लाज वाटली हो. कुणीतरी एक खरी वस्तू द्यायला हवी होती.”

बाबांच्या तोंडात त्या वेळी काहीच नव्हतं, तरी बाहेर पडलं ते एक 'हूं'.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टोव्हचा आवाज आला म्हणून मी उठले. बाबा ओट्याशी उभे होते. त्यांनी दोन कपांत नुसतं उकळलेलं पाणी ओतलं, एक आईपुढे ठेवला आणि दुसरा घेऊन तिच्यासमोर पाटावर बसले. दोघांनी बशीत ओतून, फुंकर घालत ते पाणी प्यायलं. बाबांनी चहाचा नियम कधीच घेतला नाही. पण घरात त्यांनी चहा पुन्हा प्यायलेला मी पाहिला नाही.