सोसायटीचं ॲप आणि माझी खुर्ची

आमच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून मासळी कमी-जास्त मिळाली असेल, किश्श्यांचा मात्र कधी तोटा पडला नाही. चार माणसं जेटीवर चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "जनाभाऊ, तो अंगठ्याचा सांगा!" तो सांगून होतोय तोवर दुसरा आठवतो. बहुतेक किश्श्यांत फजिती माझीच असते, त्यामुळे परवानगी कुणाची घ्यावी लागत नाही.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. दिवेआगरच्या बाजूला आमचं ऑफिस. बर्फ आधी कुणाला, डिझेलला नंबर कुणाचा, सगळं माझ्या टेबलावरून चालायचं. सकाळी टेबलाभोवती अशी गर्दी, की भिंतीवरचं घड्याळ दिसायचं नाही. वादळात ऑफिसचे पत्रे उडाले, नवीन ऑफिस बांधलं, आणि मीच मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणालो, "आता सगळं मोबाईलवर आणा! काम निम्मं होईल!"

झालंही तसंच. फक्त ते माझं निम्मं झालं!

उरलेलंही गेलं तर या माणसाला पगार कशाचा द्यायचा, हा प्रश्न कधीतरी निघणार, हे मला लवकरच कळून चुकलं. मुलांची शिक्षणं चालू, आणि मला दुसरं काही येत नाही. कोळ्याच्या पोटी जन्म घेऊन होडीत पाय ठेवला की मला उलटी होते!

*

ॲप बनवून घेतलं मंगेशने. कमिटीतला सगळ्यात तरुण मेंबर, नवी मुंबईत कंपनीत काही वर्षं काढून आलेला. त्याने पहिलं काय आणलं, तर अंगठ्याचं मशीन. बर्फ हवा, अंगठा लावा. डिझेल हवं, अंगठा लावा.

आता आमच्या लोकांचे अंगठे! जन्मभर दोर ओढून, बर्फ फोडून, मिठात हात घालून त्यावरच्या रेषा कधीच गेलेल्या. एकेक जण अंगठा लावतोय, लुंगीला पुसतोय, पुन्हा लावतोय, आणि मशीन लाल दिवा दाखवतंय. लाईन पार जेटीपर्यंत गेली.

"मशीनच खराब आहे का बघा," म्हणून मंगेशने मला अंगठा लावायला सांगितला. मी नुसता टेकवला, तर लगेच हिरवा दिवा!

लाईनीत यशोदामावशी उभी होती. मासळी विकायला रोज बोर्लीच्या बाजारात बसते, तिचा आवाज अख्ख्या बाजाराला पुरतो. ती म्हणाली, "वलखंलच ना! जनाचा आंगठा नवाकोरा हाय. कंदी वापरलाच न्हाय!"

*

मग बर्फाचे नंबर ॲपवर आले. मला वाटलं, आता टेबलाकडे कुणी फिरकणार नाही. पण नाही! लोक मोबाईल घेऊनच यायचे. "भाऊ, हितं माजा तिसरा नंबर दिसतो. बराबर हाय का?" मी माझा मोबाईल काढायचो, तेच ॲप उघडायचो, चष्मा वर करायचो आणि गंभीरपणे म्हणायचो, "हो. तिसरा." माणूस खुश होऊन जायचा. नंबर जसा काही मीच दिलाय, अशा थाटात मीही बसायचो.

एकदा मला तळा गावाला पाठवलं, सहकारी संस्थांच्या ऑनलाइन कामाच्या ट्रेनिंगला. तिथे सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच, की ऑफिसात कसा गोंधळ उडाला असेल! जेवणाच्या सुट्टीत दोनदा फोन केला. कुणी उचलला नाही. मनात म्हटलं, बघा, बिचारे किती अडचणीत असतील.

परत आलो तो तडक चेअरमनसाहेबांकडे गेलो. धर्माअण्णा आमचे चेअरमन, पूर्वी स्वतः बोट चालवणारे तांडेल होते. मी जरा मोठेपणाने विचारलं, "काय काय अडलं, अण्णा?"

"काय बी न्हाय. कशापाय अडंल?"

"अहो, मी नव्हतो ना! तळ्याला गेलो होतो."

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. "व्हय? कंदी?"

*

पूर्वी तक्रार माझ्याकडे यायची, मग मी ती जरा थंड करून अण्णांकडे न्यायचो. व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि मधली पायरीच गेली. प्रत्येकाचा व्हॉइस मेसेज थेट चेअरमनला! त्यात मंगेश म्हणाला, "लोकशाही आहे, सगळ्यांनाच ॲडमिन करू." केलं.

एक दिवस जेटीवर बोट लावायच्या जागेवरून भांडण पेटलं. एकाने दुसऱ्याला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्याच्या भावाने पहिल्याला काढलं. मी "शांत राहा" लिहिलं, मला काढलं! मग अण्णांना कुणीतरी काढलं, मंगेशला अण्णांच्या जावयाने काढलं, बाकीच्यांनी एकमेकांना काढलं, आणि शेवटी जावयाने रागाने स्वतःच ग्रुप सोडला.

ग्रुपमध्ये उरलं कोण? यशोदामावशी! तिला कुणीतरी कधीतरी घातलं होतं, आणि तिने ग्रुप एकदाही उघडला नव्हता.

संध्याकाळी चेअरमन, सेक्रेटरी आणि अख्खी कमिटी तिच्या अंगणात हात बांधून उभी. "मावशी, आम्हाला परत घे." ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आदी भांडान मिटवा. मंग एकेकानं या."

*

यानंतर मंगेशने नकाशा आणला. मासळी कुठे मिळाली, ती जागा ॲपवर दाखवायची. नाहीतर पुढचं डिझेलचं पानच उघडत नाही.

आमच्याकडे मासळी कुठे लागली हे माणूस सख्ख्या मेव्हण्याला सांगत नाही, तो मोबाईलला सांगणार? पण डिझेल तर हवंच. तेव्हा कुणीतरी शोध लावला की ती लाल खूण कुठेही टोचता येते. पहिल्याने ती माझ्या घरावर टोचली. दुसऱ्याला कल्पना आवडली. मग सगळ्यांनाच आवडली!

महिन्याने मंगेशने मीटिंगमध्ये नकाशा भिंतीवर लावला. समुद्र सगळा कोरा. आणि आत, बोर्लीच्या रस्त्याला, सुपारीच्या वाडीशेजारी माझं घर, ते लालेलाल! पापलेट तिथे, सुरमई तिथे, कोळंबी तर परसात.

लोक हसून हसून लोळले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, वाटलं ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "गावातलं सगळं पापलेट आपल्या अंगणात, आणि तुम्ही रोज पिशवीतून बटाटे आणता!"

*

शेवटी ज्याची भीती होती तेच झालं. वार्षिक सभेत मंगेशने विषय मांडला, की सेक्रेटरीची जागा आता ठेवायची का? आधी माझ्याकडे वळून म्हणाला, "जनाभाऊ, यात पर्सनल काही नाही." असं कुणी म्हटलं की समजायचं, आपलं काही खरं नाही.

मग त्याने सभेला सरळ विचारलं, "बर्फ, डिझेल, नंबर, नोटिसा, सगळं ॲप करतं. ॲप करत नाही असं जनाभाऊंचं एक काम सांगा."

अण्णा छताकडे बघायला लागले. मीही आठवायला लागलो. खरं सांगतो, मलाही एक काम आठवेना! घरी जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

तेवढ्यात मागून यशोदामावशी उठली. "मी इचारते. बर्फ उशिरा आला, तं मी कुनाला बोलू?"

मंगेश म्हणाला, "मावशी, ॲपवर तक्रारीचं बटन आहे."

"बटनाचं त्वांड उतरतं का?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा जना खुर्चीत बसतो, मी येते, त्याला मनभर बोलते. तो मान खाली घालतो. मंग मी बाजारात जाऊन गिऱ्हाइकाशी गोड बोलते. ह्यो काडला, तं मी गिऱ्हाइकाला बोलू?"

टाळ्या पडल्या! अण्णांनी तिथेच जाहीर केलं, "सेक्रेटरी ऱ्हानार!" माझे डोळे भरून आले. कशाबद्दल ठेवलं, याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेलो. बर्फाची गाडी वेळेच्या आधीच आली होती, नंबर बरोबर होते, डिझेल चालू होतं. टेबलासमोर कुणी नाही. एवढ्यात यशोदामावशी टोपली घेऊन आली.

"काय गं मावशी, बर्फ नाही मिळाला?"

"मिलाला."

"नंबर चुकला?"

"न्हाय."

"मग?"

तिने टोपली खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मंग काय! तुजी नोकरी टिकाया पायजे ना? बस खुर्चीत. आता आयक!"