मामांचं ॲव्हरेज

मामा उजव्या पायात चप्पल घालून ट्रक चालवत नसत. गाडीत चढले की ती काढून सीटखाली सरकवायचे. पेडल तळपायाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची डावी चप्पल झिजून जायची आणि उजवी नवीकोरी राहायची. घरी अशा उजव्या चपलांचा ढीग होता. मामी म्हणायच्या, "एका पायाचा कुणी भेटला तर घेऊन या घरी. जन्मभराची सोय करून पाठवते."

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मालवाहतुकीच्या त्या कंपनीत सगळेच त्यांना मामा म्हणत. पाठीमागे कासवमामा. सत्तावीस वर्षं ते तिथे ट्रक चालवत होते.

मी साहित्यात एम. ए. करून तिथल्या ऑफिसात लागलो. काम एकच होतं. कंपनी डिझेल कसं कमी जाळते, धूर कसा कमी करते, याचा वर्षाला एक अहवाल लिहायचा. मोठी गिऱ्हाइकं तो मागायला लागली होती. अहवाल नसेल तर माल दुसऱ्याला देऊ, म्हणत होती.

साहेबांनी मला मामांकडे पाठवलं. इतर ड्रायव्हर भरलेला ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालवत. मामा साडेचार. ड्रायव्हर याला ॲव्हरेज म्हणतात. मामांचं ॲव्हरेज दंतकथेसारखं होतं. ते कसं येतं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

मामांनी आधी साहेबांची गाठ घेतली. मी बरोबर होतो.

"लिहून घ्या," मामा म्हणाले. "पण एक अट आहे. माझी मोजपट्टी दुसऱ्याला लावायची नाही. प्रत्येकाची गाडी वेगळी, रस्ता वेगळा."

साहेब उठून आले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांपूर्वी साहेब तिथेच बुकिंग क्लार्क होते. मामांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि तीन वर्षं मामींच्या हातचं जेवले होते.

"मामा, तुमचा आकडा फक्त अहवालात. माझा शब्द."

अकरा दिवस मी मामांच्या शेजारी बसलो. दूरचा सिग्नल लाल दिसला की ते तिथूनच पाय काढून घ्यायचे. गाडी आपोआप मंदावायची. आम्ही पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असायचा. "ब्रेक दाबला की समजायचं, मागचं डिझेल फुकट गेलं." ताडपत्रीचा एक कोपरा सुटला तरी ते थांबून बांधायचे. फडफड डिझेल खाते. टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना बघायची. माल उतरला की रिकामं परतायचं नाही. ते गोदामाच्या पायरीवर बसून फोन लावत राहायचे. कुणाकडे पोती आहेत का, कुणाकडे पाइप आहेत का. एकदा आम्ही चार तास बसलो. शेवटी लाकडी दारं मिळाली.

"रिकामी गाडी आणून धूर करायचा कशाला?" ते म्हणाले. "आपल्याच नाकात जातो."

मी सगळं लिहिलं. मला ते काम आवडलं होतं. मामांनाही. आपलं कुणीतरी लिहून घेतंय म्हणून ते खुशीत होते. मामींना रोज सांगायचे, आज दोन पानं झाली.

अहवाल छापून आला. मामांचा फोटो होता. दोन महिन्यांनी प्रत्येक ट्रकमध्ये डिझेल मोजणारी एक काळी डबी बसवली. त्यानंतरच्या सोमवारी फाटकाजवळ फळा लागला.

फळ्यावरच्या कागदावर बावन्न ड्रायव्हरांची नावं होती. वर मोठ्या अक्षरात, 'आपलं ध्येय साडेचार.' ज्याचं ॲव्हरेज चारच्या खाली, त्याचं नाव लाल. लाल नावाला महिनाभर मुदत. तरी सुधारलं नाही तर रस्त्यावरून काढून यार्डात. यार्डात म्हणजे दिवसभर रिकामे ट्रक या दारातून त्या दारापाशी लावायचे.

मामांचं नाव पहिलं होतं. हिरवं.

महिन्याने, ज्यांचा आकडा जराही वर सरकला नाही असे अकरा जण यार्डात गेले. त्यात मामींचा धाकटा भाऊ होता. त्याला या धंद्यात मामांनीच आणलं होतं, स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. त्याच्या वाट्याला घाटाचा रस्ता आणि कंपनीतला सगळ्यात जुना ट्रक. त्याचं ॲव्हरेज तीन.

ड्रायव्हरांच्या खोलीत एक जण सतत बोलायचा. त्याला रेडिओ म्हणत. मामा आत आले तसा तो म्हणाला, "या, या. शर्यत कासवाने जिंकली आणि नोकऱ्या सशांच्या गेल्या."

कुणी हसलं नाही. मामा बाकावर बसले. बाकावरचे दोघे उठले.

"मी फळा लावायला सांगितलं नव्हतं," मामा म्हणाले.

"फळा नाही हो सांगितला. फक्त बाजूला पोरगं बसवून अकरा दिवस पोथी सांगितली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? फक्त हात तुमचा आणि अवलक्षण आमचं."

मामा तसेच साहेबांकडे निघाले. वाटेत त्यांनी मला टेबलावरून उठवलं. "चल. तू होतास तेव्हा."

साहेबांनी खुर्ची दिली. मामा बसले नाहीत.

"तुम्ही शब्द दिला होता."

"मामा, आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग? तुम्ही करू शकता ते इतरांनी का करू नये? हवा काय तुमच्या एकट्याची आहे?"

"तुम्ही शब्द दिला होता. माझी मोजपट्टी कुणाला लावणार नाही म्हणून. हा पोरगा साक्षीला आहे. विचारा त्याला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. नुसतं पाहिलं.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणालो.

खोलीत पंखा चालू होता. मामांनी मान हलवली, जणू मी वेळ सांगितली होती. त्याबद्दल ते मला पुढे कधीच काही बोलले नाहीत.

"ठीक आहे," ते साहेबांना म्हणाले. "मला एक महिना घाटावर पाठवा. मेहुण्याच्याच गाडीवर. मला तिथे चार आणता आलं, तर मी तोंड उघडणार नाही. नाही आणता आलं, तर फळ्यावरचा कागद फाडायचा."

साहेब हसले. "मान्य. सगळ्यांसमोर फाडतो."

ही बातमी रेडिओने दहा मिनिटांत सगळीकडे पोचवली. बाकावर मामांसाठी पुन्हा जागा झाली. संध्याकाळी मेहुणा घरी आला. मीही तिथे होतो. मामींनी तिघांना चहा दिला आणि दारात उभ्या राहिल्या.

"दाजी, महिनाभर जरा पाय दाबा," मेहुणा म्हणाला. "चढावर गिअर उशिरा टाका. नाक्यावर इंजिन चालू ठेवा. अडीचवर आणा गाडी. मग माझे तीन म्हणजे सोनं."

"मुद्दाम वाईट चालवू?"

"एक महिना."

"त्याची गरज नाही रे. नीट चालवली तरी त्या गाडीत चार येत नाहीत. मला माहीत आहे ना. खरं तेच दाखवू. खरं आपल्या बाजूला आहे."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "अहो, तो सांगतोय तसं करा. तुमच्या खऱ्याला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," मामा म्हणाले.

महिनाभर ते घाट चढले आणि उतरले. जुना ट्रक त्यांनी तळहातावर घेतल्यासारखा चालवला. आधी त्याचे टायर बदलून घेतले. ताडपत्रीला नवी दोरी लावली. उतारावर गाडी इंजिनाच्या ओढीवर धरली, ब्रेक जवळपास वापरलाच नाही. पलीकडच्या गावातून तीन वेळा परतीचा माल मिळवला. महिना संपला. डबीतला आकडा निघाला.

पावणेचार.

चारच्या खाली. मामांचं स्वतःचं नाव लाल झालं असतं. साहेब फाटकाशी आले. त्यांनी शब्द पाळला. बावन्न जणांसमोर फळ्यावरचा कागद टराटरा फाडला. टाळ्या झाल्या. रेडिओने मामांना मिठी मारली. मेहुणा मात्र मागे उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

पुढच्या सोमवारी नवा कागद लागला.

आता प्रत्येक रस्त्याला वेगळा आकडा होता. वर लिहिलं होतं, 'आमच्या ज्येष्ठ चालकाच्या सूचनेनुसार.' घाटाच्या रकान्यात ध्येय पावणेचार. साडेतीनच्या खाली लाल.

मेहुण्याचे तीन. तो यार्डातच राहिला. घाटावरचे आणखी चौघे त्याच्या सोबतीला गेले. आधी त्यांना सूट मिळेल असं वाटत होतं. आता सूट मागायला जागा नव्हती. त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्यातल्याच सगळ्यात जुन्या गाडीवर मामांनी पावणेचार काढून दाखवले होते.

साहेबांनी मामांना बोलावून घेतलं. ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामा, तुमचं बरोबर होतं. रस्ता वेगळा तर मोजपट्टी वेगळी. आम्हाला सुचलं नव्हतं. आता बंदराचा रस्ता राहिला. पुढच्या महिन्यात तिकडे जा."

मामा बाहेर आले. जिन्यावर थांबले. मला म्हणाले, "याने आमच्या घरात तीन वर्षं भात खाल्ला. केसाने गळा कापला रे."

त्या दिवशी मेहुणा घरी आला तो बसला नाही.

"मी सांगितलं होतं, दाजी. एक महिना तुम्हाला वाईट चालवायचं होतं. फक्त एक."

"मला येत नाही रे तसं."

"माझ्यासाठीसुद्धा?"

मामी आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला.

बंदराच्या पहिल्या फेरीला मी मामांबरोबर गेलो. का बोलावलं, ते त्यांनी सांगितलं नाही. शहराबाहेर पडल्यावर त्यांनी पाय दाबला. मी त्यांना कधी असं चालवताना पाहिलं नव्हतं. सिग्नल लाल दिसला तरी गाडी तशीच पुढे. मग अचानक ब्रेक. मी पुढे आदळलो. टोलनाक्यावर रांग होती. त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. पाऊण तास. मागे ताडपत्रीचा कोपरा सुटला होता. तो फडफडताना मला ऐकू येत होता. त्यांनाही येत होता. त्यांचा जबडा हलत होता.

"मामा, बांधू का?"

"बस गप."

बंदरावर माल उतरवला. तिथला कारकून म्हणाला, परतीला वीस पिंपं आहेत, नेता का? मामांनी मान हलवून नाही म्हटलं. आम्ही रिकामे निघालो. गाडीतून उतरताना त्यांनी दाराला धरलं.

महिनाभर त्यांनी असंच चालवलं. सव्वातीन आलं.

त्यांचा हिशेब साधा होता. आपलाच आकडा खाली आला की सगळ्या रकान्यांवरचा विश्वास उडेल. जो माणूस आज सव्वातीन काढतो, त्याच्या कालच्या पावणेचारला कोण धरून बसेल?

साहेबांनी कागद पाहिला. "मामा, तब्येत बरी नाही का?"

"वय झालं."

"साहजिक आहे. ध्येय ठरवायला हा महिना आम्ही धरत नाही. बंदरासाठी दुसरा कुणीतरी बघू. आधीचे दोन आकडे आहेतच, ते चांगल्या दिवसांतले आहेत."

"म्हणजे घाटाचा आकडा?"

"तो तसाच. तो तुमचाच आहे, मामा. कुणी काढून घेणार नाही."

सोमवारी मामांचं नाव लाल झालं. त्यांनी महिन्याची मुदत घेतली नाही. त्याच आठवड्यात ते यार्डात गेले.

कंपनीचं डिझेल त्या वर्षी एक दशांशाने कमी झालं. हे खरं आहे. पुढच्या अहवालात ते मीच लिहिलं.

यार्डात ट्रक मागे घेऊन माल चढवायच्या धक्क्याला लावावा लागतो. चालवणाऱ्याला ट्रकच्या थेट मागचं अंतर दिसत नाही. म्हणून एक जण मागे उभा राहून ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" तिथे सगळेच एकमेकांसाठी ओरडतात. भांडण झालेले सुद्धा. कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

मामांच्या पहिल्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. रेडिओही आता यार्डात होता. मामांना बघून तो म्हणाला, "आता आलात होय?" आणि आपल्या गाडीकडे वळला. मामांनी ट्रक धक्क्यासमोर उभा केला आणि मागचा गिअर टाकला. मागे मेहुणा उभा होता. जागा त्याचीच होती. मामा आरशात त्याच्याकडे पाहत थांबले.

मेहुणा हाताची घडी घालून उभा राहिला. तो हलला नाही. ओरडलाही नाही.

मामांनी गाडी हातभर मागे घेतली. थांबवली. खाली उतरून मागे आले, अंतर पाहिलं. मेहुण्याच्या शेजारून पुन्हा जाऊन वर चढले. पुन्हा हातभर. पुन्हा खाली. मी मोजलं. सात वेळा ते खाली उतरले.