कर्नलसाहेबांची जीभ

आमच्या घराला आजारपण परवडत नसे. आई-बाबा वीटभट्टीवर राबायचे; ताप आला तरी तो अंगावरच काढायचे. त्या घरातला मी पहिला पदवीधर. तोही डॉक्टर, आणि वर सैन्यात कॅप्टन!

आज सकाळी आमचे कर्नलसाहेब माझ्याकडे तपासून घ्यायला आले. यांच्या नुसत्या खाकरण्यानं पलटण ताठ होते. पण मी "जीभ दाखवा, सर" म्हणताच शाळकरी पोरासारखी जीभ काढून बसले. जिभेवर हुद्दा लावायला जागा नाही, हे देवानं फार बरं केलं.

मला बाबा आठवले. गेल्या सुट्टीत ते खोकून बेजार झाले होते, तरी तपासू देईनात.

"मिलिटरीच्या साहेबाला जीभ दाखवू? आत टाकशील!"

"बाबा, मी तुमचा पोरगा आहे."

"म्हणून तर! बाप कधी पोराला जीभ दाखवतो व्हय?"

शेवटी आई चुलीपाशून कडाडली, "अरे कप्तान, विनवतोस काय? हुकूम सोड की!"

मी हुकूम सोडला. बाबा ताडकन उभे राहिले, कडक सलाम ठोकला आणि हातभर जीभ काढली.

औषध लागू पडलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी आजार अंगावर न काढता बरं झालं.