मशीनची टकटक

पानाकाकांच्या गॅरेजात गाडी कधी उभी राहिलीच नाही. घर घेतलं तेव्हा ‘गाडीचं पुढे बघू’ म्हणत त्यांनी त्या खोलीत एक दणकट टेबल ठोकलं, टेबलावर वस्तू आवळून धरणारा व्हाइस बसवला, आणि गाडीचा विषय तिथेच संपला. आता भिंतीवर पाने, पकडी, हातोड्या टांगलेल्या आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीने त्याचीच आकृती काढलेली. कुणी काही उचलून नेलं की भिंतच चहाडी करणार. फळीच्या खालच्या अंगाला जॅमच्या बरण्यांची झाकणं ठोकलेली आणि बरण्या खालून फिरवून बसवलेल्या. एकीत वॉशर, एकीत स्क्रू, आणि सगळ्यात मोठीत ‘असू दे, लागेल कधीतरी’ या जातीचा माल. कोपऱ्यात एक मेलेला फ्रिज कपाट म्हणून उभा होता. तो तेवढा त्यांच्या हातून जिवंत झाला नव्हता, आणि काका त्याच्याकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तसे बघायचे.

पानाकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. लेंग्याच्या खिशात दहा-बाराचा पाना कायम असायचा. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर आधी टेबलाचा डुगडुगता पाय घट्ट करणार, मग बसणार, आणि बसल्यावर पंख्याकडे मान वर करून म्हणणार, “याचं बेअरिंग वाजतंय बरं का.” यजमानाचा घास तिथेच अडकायचा.

जन्मभर ते बाटल्या भरायच्या कारखान्यात फिटर होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. आत काय झिजलंय, काय सैल झालंय, ते त्यांना ऐकू यायचं. मग निवृत्ती आली. यंत्रं कारखान्यात राहिली आणि कान घरी आले. दिवसभर ऐकायची सवय असलेला माणूस आता घर ऐकायला लागला, आणि घर म्हणजे काही कमी बोलकं नसतं.

चहाचा कप हातात घेऊन हा माणूस एका जागी बसलाय, असं कुणी पाहिलं नव्हतं. पायाला भिंगरी आणि हातांना शिवशिव. फाटक करकरतं? तेल. नळ ठिबकतो? नवा वॉशर. स्वयंपाकघराच्या पायरीवरची फरशी पाय पडला की डुगडुगायची आणि खट्ट वाजायची. ती त्यांनी सिमेंट घालून अशी बसवली की भूकंप झाला तरी हलणार नाही. त्याच आठवड्यात काकू त्या पायरीवर अडखळल्या आणि गुडघा फोडून घेतला.

“इतकी वर्षं डुगडुगत होती तेव्हा पडली नाहीस,” काका हसून म्हणाले, “आणि घट्ट केली तर पडलीस! कमाल आहे तुझी.”

काकूंनी गुडघ्यावर हळद दाबली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, “बसा हो जरा. दोन मिनिटं बसा.”

घरात एकाच वस्तूला हात लावायची काकांना बंदी होती, ती म्हणजे काकूंची शिवणाची मशीन. पायाने चालवायची, काळी, आईकडून आलेली. आईकडून एक भिंतीवरचं घड्याळही आलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकांनी ते ‘नुसतं साफ करतो’ म्हणून उघडलं, आणि त्याचे काही अवयव अजून मोठ्या बरणीत होते. तेव्हाच काकूंनी बजावलं होतं, “या मशीनच्या वाटेला गेलात, तर तुमच्या भिंतीवरचे सगळे पाने भंगारात देईन.” त्यावर बोलायची काकांची छाती झाली नाही.

पण ती मशीन वाजायची. सुईचा दांडा वर जाऊन खाली वळला की आतून एक ‘टक’ यायची. टाक्यागणिक टक. काकू पडदे, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवत बसायच्या आणि ती टकटक भिंतीतून गॅरेजात यायची. काकांच्या दाढेत जणू कुणी बोट घालून हलवत होतं. वरच्या सांध्यातली बुश, म्हणजे दांड्याभोवतीची पितळी नळी, झिजलेली, त्यांना पलीकडच्या खोलीतून कळत होतं. अर्ध्या दिवसाचं काम. आणि करायचं नाही! याहून मोठी शिक्षा फिटरला कोण देणार?

मग काकू लेकीकडे गेल्या. “आठवडाभर राहीन,” म्हणाल्या. जाताना मशीनवर चादर घातली आणि चादरीकडे बोट दाखवलं.

पहिले दोन दिवस काकांनी धीर धरला. म्हणजे गॅसच्या शेगडीची बटणं खोलून काढली, खिडक्यांचे कडी-कोयंडे बदलले, आणि शेजाऱ्याची चांगली चालणारी सायकल ‘एकदा बघून’ दिली. तिसऱ्या दिवशी चहा गॅसवर ठेवला आणि चादर कधी उचलली ते त्यांनाच कळलं नाही. चहा करपला. काकांनी गॅरेजातल्या लहान लेथवर नवी बुश कातून काढली, बसवली, साफसफाई केली, तेल दिलं. चाक फिरवलं. सुई वर-खाली झाली, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. लोण्यासारखी चालत होती. एवढं सुंदर काम त्यांनी कारखान्यातसुद्धा केलं नव्हतं. ‘रागावेल,’ ते मनाशी म्हणाले, ‘पण चालवली की गप्प होईल.’

काकू आल्या त्या जरा थकलेल्या होत्या. हातपाय धुतले, शेजारणीच्या पडद्याचं काम राहिलं होतं म्हणून मशीनवर बसल्या. काका दाराआड उभे, शाबासकीची वाट बघत. पायाखालचा पायटा हलला. काकू क्षणभर थबकल्या, मान तिरकी केली, परत पायटा दाबला, कापड सरकवलं आणि किंचाळल्या.

सुई बोटात गेली होती, नखातून आरपार. काकांनी धावत येऊन चाक हाताने उलटं फिरवलं, सुई वर घेतली, बोट रुमालात धरलं.  इतक्या वर्षांत हिच्या बोटाला कधी सुई लागली नव्हती.

काकूंनी बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. “आवाज कुठे गेला?” त्या म्हणाल्या. “मशीनचा आवाज कुठे गेला हो?”

“काढला. म्हणजे बुश बदलली. झिजली होती ती.”

“तुम्हाला मी सांगितलं होतं.”

“अगं, पण सुई डोळ्यांसमोर असताना बोट कसं...”

“नाही दिसत.”

“काय नाही दिसत?”

“सुई. मधलं काही दिसत नाही मला. कडेचं दिसतं. तुमच्याकडे बघते ना, तेव्हा तुमचे दोन कान दिसतात. तोंड नाही दिसत.”

काका मशीनपाशी जमिनीवरच बसले. काकू सांगत होत्या. वर्ष होऊन गेलं. टक वाजली की सुई वर, तेवढ्यात बोट पुढे घ्यायचं, परत टक, परत बोट. शिवण सरळ आहे की नाही ते बोटाला कळतं. लेकीकडे गेल्या होत्या त्या तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला. लेकीला सगळं ठाऊक होतं.

“आणि मला?” काकांचा आवाज चिरकला. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही मला त्या तुमच्या टेबलावर घेतलं असतं. आज नवं भिंग, उद्या नवा दिवा, परवा नवा डॉक्टर. मला शिवायचं होतं हो. दुरुस्त नव्हतं व्हायचं.”

काकांना एकेक आठवायला लागलं. ‘हात ओले आहेत, तेवढी सुई ओवून द्या’ म्हणून ती रोज हाक मारायची, आणि कोरड्या हातांकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. फ्रॉक आणि कॉलरी सोडून ती नुसत्या सरळ शिवणी घ्यायला लागली, तेव्हा वय झालं म्हणून त्यांनी चेष्टा केली. आणि ती फरशी! खट्ट वाजली की पायरी आली, हे तिच्या पायाला माहीत होतं. ती त्यांनी मुकी करून टाकली आणि वर हसले. गावभरची बेअरिंगं ऐकणाऱ्या माणसाला आपल्याच घरातलं ऐकू आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. लपवलं नाही तरी तिला दिसणार नाही, हे ध्यानात आल्यावर तर आणखीच आलं.

काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं. काकांनी त्यांना एका डॉक्टरकडे नेलं, मग दुसऱ्याकडे. दोघंही तेच बोलले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. आहे ते जपायचं, गेलेलं परत येणार नाही.

“बदलता येत नाही?” काकांनी विचारलं. “दुसरा बसवून?”

डॉक्टरांनी मान हलवली. घरी येताना रिक्षात काकू म्हणाल्या, “झालं समाधान? आता माझी मशीन मला द्या.”

जुनी बुश मोठ्या बरणीत होती. काही न टाकायची खोड जन्मात पहिल्यांदा उपयोगी पडली. काकांनी ती परत बसवली, पण साफसफाई आणि तेलपाणी एवढं चोख झालं होतं की आवाज येईना. नीट चालणारं यंत्र बिघडवायला बसण्याची वेळ आली होती, आणि हात ऐकत नव्हते. कानशीने पितळेला जरा घासलं की ते थांबून तिथे बोट फिरवून बघायचे. काकू शेजारी स्टुलावर बसून ऐकत होत्या.

“ही टुक आहे. मला टक पाहिजे.”

काकांनी थोडं आणखी घासलं.

“आता फार झालं. शेजारीण येईल विचारायला, कोण दार वाजवतंय म्हणून.”

त्यांनी आत पातळ पत्र्याची चकती घातली. काकूंनी चाक फिरवलं, एकदा, परत एकदा. चेहरा उजळला. “हीच.”

पायरीवरची फरशी काकांनी छिन्नीने उकरून सैल केली. फाटकाचं तेल रॉकेलने पुसून काढलं. पण त्यानंतर मात्र त्यांनी पाना खिशातून काढून भिंतीवर टांगला. कशाला हात लावायची भीतीच बसली. कुठल्या करकरीवर तिचं काय टांगलेलं असेल, कुणी सांगावं? घरात ते चोरपावलांनी हिंडायला लागले, तिला त्रास नको म्हणून. गॅरेजात जाऊन नुसते बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून. जन्मभर बायकोने जे मागितलं ते एकदाचं दिलं होतं, आणि आतून जीव नुसता उकळत होता. स्वस्थ बसणं हे एवढं दमवणारं काम असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी काकू चहा घेऊन पॅसेजमधून येत होत्या. काका समोरून आले, नेहमीसारखे आवाज न करता, आणि ती बाजूला होईल अशी वाट बघत उभे राहिले. ती सरळ येऊन आदळली. कप फुटला, चहा दोघांच्या अंगावर सांडला.

“तुम्ही होतात इथे?” काकू घाबरून म्हणाल्या. “कधीपासून?”

काकांनी खाली बसून कपाचे तुकडे उचलले. फरशी पुसली, आणि गॅरेजात जाऊन परत तसेच बसले. जरा वेळाने फरशी खट्ट वाजली. काकू पायरी उतरून भिंतीला हात लावत गॅरेजाच्या दारात आल्या.

“आहात का?”

“आहे.”

“मग आवाज का नाही येत? आठवडा झाला, घर नुसतं मेल्यासारखं झालंय. तुम्ही कुठे आहात, मला कळायचं कसं? पूर्वी ठोकठोक चालायची तर समजायचं, गॅरेजात आहेत, चिडलेत. कानस चालली की समजायचं, खुशीत आहेत.”

“तूच म्हणायचीस ना, बसा जरा म्हणून.”

“म्हणायचे. तेव्हा दिसत होतात.” काकूंनी चौकट घट्ट धरली होती. “अहो, काहीतरी ठोका ना.”

काकांनी टेबलावर पाहिलं. दुरुस्तीला काहीच आलेलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरची हातोडी काढली आणि रिकाम्या व्हाइसवर मारली, एकदा, आणि मग एकसारखी.

काकू ऐकत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, आणि भिंतीपलीकडून मशीनची टकटक सुरू झाली.